कठड्याशी हाडवैर

जगातल्या यच्चयावत कठड्यांशी हाडवैर असलेला एकच माणूस मी पाहिला, आणि तो माझ्या नशिबी सासरा म्हणून आला. वय अठ्ठ्याहत्तर, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि जिना चढताना दोन्ही हात पाठीमागे बांधलेले. "कठडे म्हाताऱ्यांसाठी असतात," असं ते स्वच्छ सांगतात. गेल्या उन्हाळ्यात बाबा तीन महिने आमच्याकडे परदेशात, फेल्डहोवनला आले. इथल्या घरातला जिना म्हणजे गालिचा लावलेली शिडीच. माझी स्वतःची छाती धडधडते. म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांचा पलंग खाली दिवाणखान्यात मांडला, तर बाबा दिवसातून सात वेळा वर जायचे: आधी चष्मा आणायला, मग चष्म्याचं घर आणायला, मग दोन्ही परत ठेवायला. बसमध्ये एका मुलीनं उठून जागा दिली, तर "बस गं तू, दमली असशील," असं तिला चक्क मराठीत सांगून हे आइंडहोवनपर्यंत उभे. ती बिचारी मुकाट्यानं बसली.

या हट्टामागे कारण होतं. पुण्यात बाबा एकटे राहतात, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. सासूबाई गेल्यापासून नवऱ्यानं धोशा लावला होता की ते घर विकायचं आणि बाबांना ज्येष्ठांच्या संकुलात तळमजल्यावर न्यायचं. कागद तयार होते, फक्त सही बाकी. बाबांचं म्हणणं एकच, "जिना चढता येईना झाला की सांग." आता हे सिद्ध कुठं करणार? घरातला जिना एकाच मजल्याचा, आणि या सपाट देशात चढ म्हणजे सायकलींचा पूल. त्यावरून ते रोज जाऊन यायचे, पण नवरा म्हणायचा, "बाबा, तो पूल आहे, जिना नाही."

मग सुट्टीत आम्ही सिसिलीला गेलो आणि एक दिवस डोंगरमाथ्यावरचं जुनं गाव बघायला निघालो. दगडी घरं, दगडी गल्ल्या आणि सगळ्यात वर पडका किल्ला. बस वेशीशी थांबली. तिथल्या फलकावर किल्ल्याच्या पायऱ्या लिहिल्या होत्या: चारशे सात. बाबांचा चेहरा असा उजळला की मी घाबरलेच. "मी वर गेलो तर सही नाही," ते मुलाला म्हणाले. तो हसून "बरं" म्हणाला. त्याला वाटलं, पन्नासाव्या पायरीवर निकाल लागेल. तो आमच्या लेकीला घेऊन आइस्क्रीम खात खालीच बसला आणि साक्षीदार म्हणून त्यानं मला धाडलं.

बाबा चढले. हात पाठीमागे, मोठ्यानं पायऱ्या मोजत. मध्येच थांबून मला म्हणायचे, "तुला दम लागला असेल, टेक जरा." निम्म्या वाटेवर त्यांच्याच वयाची एक बाई भाजीची पिशवी घेऊन आम्हाला मागं टाकून गेली. वळून तिनं इटालियनमध्ये काहीतरी सुनावलं आणि लोखंडी कठड्यावर थाप मारली. "तुम्हाला लागत असेल तर तुम्ही धरा," बाबा म्हणाले. ती खळखळून हसली. वर पोचल्यावर त्यांनी समुद्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही. भिंतीला टेकून घाम पुसला. "माझे तीन मजले चौपन्न पायऱ्यांचे आहेत," ते म्हणाले. "स्वयंपाकघराच्या खिडकीतून टेकडी दिसते. तुझी सासू तिथं उभी राहून चहा प्यायची. तळमजल्यावरून काय, पार्किंग बघत बसू?"

खरी परीक्षा उतरताना आली. गुडघा लटपटायला लागला. कठडा अगदी हाताशी होता, तो काही धरला नाही. चार पायऱ्या उतरून थांबले आणि पलीकडे कुठंतरी बघत म्हणाले, "तुला भीती वाटत असेल तर धर माझा हात." मी धरला. त्यांनी माझी बोटं घट्ट आवळली. मला रडू आलं, म्हणून मी लोकांच्या घरांची कौलं बघत उतरले. शेवटच्या वळणावर, जिथून नवरा दिसणार होता, बाबांनी हात हळूच सोडवून घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"चढले?" नवऱ्यानं विचारलं.

"एकही पायरी चुकवली नाही. माझीच दमछाक झाली," मी म्हणाले. उतरण्याबद्दल त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. चूक केली असेल. केली तर केली. ती टेकडी आणि ती खिडकी बाबांची आहे, आमच्या काळजीपायी ती विकायची नव्हती.

सही झाली नाही. बाबा पुण्याला परतले. चष्म्याच्या त्या सात फेऱ्यांचा मला तेव्हा वैताग यायचा. आता जिन्यावर कुणाची पावलं वाजत नाहीत तर करमत नाही. परवा फोनवर, नवरा जवळ नाही असं पाहून मी विचारलं, "बाबा, खरं सांगा, उतरताना कठडा धरता ना?"

"तो जवळ नाही ना?" त्यांनी आधी विचारून घेतलं.

"धरतो," ते म्हणाले. "कुणी वर येताना दिसलं की सोडतो."