फळ्याच्या कोपऱ्यातले नाव

वर्ग शांत ठेवण्याची माझी रीत बहुतेक शिक्षकांसारखीच होती. बाहेर जाताना मॉनिटरला सांगायचे, "बोलणाऱ्यांची नावे लिहून ठेव." परत आलो की फळ्याच्या कोपऱ्यातली नावे वाचायची आणि त्या मुलांना तासभर उभे करायचे. कोण काय बोलले, हे मी कधी विचारले नाही. विचारण्यात तास जातो, असे मी स्वतःला सांगत असे.

तीन वर्षांपूर्वी घणसोलीतल्या आमच्या शाळेत माझ्याकडे सातवीचा वर्ग होता. शेजारच्या तळवली गावातली एक मुलगी त्यात होती. मितभाषी, मागच्या बाकावर बसणारी. दिवाळीनंतर तिचे नाव फळ्यावर वरचेवर दिसू लागले. जी एरवी तोंड उघडत नाही ती बोलल्याबद्दल रोज उभी राहते, यातली विसंगती माझ्या ध्यानात आली नाही. उलट एकदा सर्वांदेखत मी म्हणालो, "दिसायला गरीब, पण पाठीमागे वटवट चालू असते वाटतं!" वर्ग हसला. मला बरे वाटले. ते बरे वाटणे मी अजून विसरू शकलेलो नाही.

जानेवारीत तिची आई भेटायला आली.

"सर, पोरीचं काय तरी बिनसलंय. डबा रिकामा येतो, तरी घरी आली की उभ्या उभ्या भाताच्या टोपात हात घालते. शाळेत कोन तरास देतंय का?"

"ताई, या वयात थोडी चेष्टामस्करी चालायचीच. मनावर घेऊ नका."

"तुमी सांगता म्हंजे बरोबरच हाय," म्हणत ती उठली.

पुढच्या आठवड्यात, वर्गात राहिलेला चष्मा आणायला मी मधल्या सुट्टीत परतलो. दारातूनच दिसले: ती मुलगी आपणहून उठली, डब्याचे झाकण काढले आणि डबा मॉनिटरच्या बाकावर नेऊन ठेवला. कोणी मागितला नव्हता. मॉनिटर म्हणजे माझी लाडकी, सुरेख अक्षराची विद्यार्थिनी, मीच नेमलेली.

"काय गं मच्छीवाली, आज बोंबील नाय? नुसती भाकरी?"

"आईला वेळ नव्हता."

"मग आज फळ्यावर. टेन्शन नको घेऊ, उभं राहायची सवय आहे ना तुला!"

भोवतालच्या मुली खिदळल्या. दिवाळीपासूनचे सगळे कोपरे एकेक करून डोळ्यांपुढे आले.

त्यानंतर जे करायचे असते ते मी केले. मॉनिटरला पदावरून काढले, त्या मुलींच्या पालकांना बोलावले, मुख्याध्यापिकांना लेखी कळवले. फळ्यावर नावे लिहिणे कायमचे बंद केले. मग त्या मुलीला शिक्षक-खोलीबाहेरच्या बाकावर बसवून विचारले, "बाळा, मला आधीच का नाही सांगितलंस?"

ती बुटांकडे पाहतच म्हणाली,

"सर, नाव ती लिहायची. उभं तर तुम्हीच करायचात."

मी क्षमा मागितली. तिने मान हलवली. मोठी माणसे काही म्हणाली की मुले हलवतात तशी.

वार्षिक परीक्षा झाली आणि तिची आई शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज घेऊन आली.

"ताई, आता तसं काही होणार नाही. माझ्या भरवशावर तिला राहू द्या."

"मी सांगून बगितलं, सर. पोरगी नाय म्हनते."

अर्जात कारण लिहिले होते: 'शाळा घरापासून लांब पडते.' त्यांच्या घराची गच्ची आमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसते. मी कागदावरून मान वर केली.

"असंच लिवलंय," ती हलकेच म्हणाली. "उगाच तुमचं नाव कशाला?"

मी अर्जावर शिफारशीची सही केली. कारकुनाने तेच कारण जसेच्या तसे दाखल्यावर उतरवून घेतले. ते लिहून होईपर्यंत मी त्याच्या टेबलाशी उभा होतो.