मल्लिनाथची तीन पानं

सुमतीला माझ्या सगळ्या खोडी ठाऊक होत्या. एवढा मोठा संसार झाला, पण ही एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. ती गेल्यावर वाटलं, आता सांगायला कुणी उरलं नाही, म्हणजे सुटलो. पण असं सुटता येतं का? तुम्ही हे वाचताय, तर तुमच्याजवळच बोलतो. जरा अडखळत बोलेन.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी मी सोलापुरात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो. उन्हाळ्यात मुंबईला सहा आठवड्यांच्या एका वर्गाला जाऊन आलो होतो. एक संगणक दुसऱ्या संगणकाशी तारेवरून कसा बोलतो, हा विषय. सहा आठवड्यांचा म्हणतोय खरा—मी चौथ्या आठवड्यातच परतलो. तिथल्या लोकांना चटकन समजायचं, मला समजायचं नाही, त्याची लाज वाटायची. काका आजारी आहेत असं सांगून निघालो. काका ठणठणीत होते. इकडे प्राचार्यांनी कौतुकानं शेवटच्या वर्षाला हाच विषय माझ्या नावावर लावला. माझ्याजवळ होत्या अर्ध्यामुर्ध्या सायक्लोस्टाइल नोट्स, आणि कॉलेजात संगणक एकही नव्हता.

मग शिकवायचं कसं? चिठ्ठ्यांनी. जुन्या उत्तरपत्रिकांची कोरी पानं फाडून मी चिठ्ठ्या केल्या. वर्गात बारा मुलं. प्रत्येक मुलगा म्हणजे एक संगणक. चिठ्ठी फक्त शेजाऱ्याच्या हातात द्यायची, पुढं कुठं जायचं ते तिच्यावरच लिहिलेलं. मी मधून हिंडायचो आणि एखादी चिठ्ठी काढून खिशात घालायचो, म्हणजे ती वाटेत हरवली. पाठवणाऱ्यानं वीस आकडे मोजायचे, ‘मिळाली’ अशी उलट पोच आली नाही तर तीच चिठ्ठी पुन्हा पाठवायची. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "सर, तुमचा खिसा लई खातोय." सगळे हसले, मीही हसलो. खरं सांगू? तेवढा आनंद मला शिकवण्यात पुन्हा कधी झाला नाही.

मल्लिनाथ मैंदर्गीचा. घरी कन्नड, बाहेर मराठी. वडील शेंगांचे व्यापारी. अंगानं किरकोळ, पुढच्या बाकावर बसायचा आणि बोलताना टेबलाकडे बघायचा. त्या दिवशी मी गंमत म्हणून एक कोडं घातलं. पहिल्या आणि शेवटच्या बाकावरच्या दोघांनी चिठ्ठ्यांवरच ठरवायचं की संध्याकाळी सहाच्या शोला जायचं. पण अट अशी, दुसरा नक्की येणार याची खात्री असल्याशिवाय कुणीच निघायचं नाही. मी म्हटलं, पोच आली, पोचेची पोच आली, असं तीनदा झालं की खात्री.

मल्लिनाथ उठला. "सर, शेवटची चिठ्ठी पोचली का न्हाय, हे कोण सांगणार की?"

मला उत्तर येत नव्हतं. नोट्सचा तो भाग मी घेतलाच नव्हता. येत नाही म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण बारा मुलं माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, पुस्तकात दिलंय, तीनदा पुरे. असं कुठलंही पुस्तक मी पाहिलं नव्हतं.

आठवड्यानं त्यानं जर्नलमध्ये तीन पानं लिहून आणली. सुबक अक्षर, पट्टीनं मारलेल्या रेघा. त्याचं म्हणणं सरळ होतं. शेवटची चिठ्ठी हरवू शकते. ती हरवूनही काम होत असेल, तर तिची गरजच नाही, काढून टाका. आता तिच्या आधीची शेवटची झाली. तिलाही तेच लागू. असं काढत गेलं की हातात एकही चिठ्ठी राहत नाही. म्हणजे कितीही पोच पाठवा, दोघांची पुरती खात्री कधीच होणार नाही. मी ती पानं दोनदा वाचली आणि लाल शाईनं लिहिलं—चूक. वर्गातही तसंच सांगितलं.

पण मन खात होतं. गुपचूप मुंबईच्या त्या वर्गात शिकवणाऱ्या सरांना पत्र लिहिलं, त्याची तीन पानं उतरवून पाठवली. याची कॉलेजातल्या कुणालाच कल्पना नव्हती.

त्याच सुमारास मल्लिनाथचे वडील भेटायला आले. कपाळावर विभूती, हातात शेंगांची पिशवी. खुर्चीवर बसेनात, उभ्यानंच बोलले. "सर, पोरगा म्हणतोय पुढं मुंबईला शिकतो. तितं आमचं कोण हाय? कुणी मोठ्या माणसानं बोलावलं तर पाठवतो की. नुसतं जातो म्हणला तर न्हाय. दुकान हाय." मी मान डोलावली. बघू म्हणालो.

आणि पंधरा दिवसांत पत्र आलं. रजिस्टर, पोचपावती लावलेलं. पावतीवर मी सही करून दिली. सरांनी लिहिलं होतं—मुलगा बरोबर आहे. या प्रश्नाला उत्तर नाही हेच त्याचं उत्तर, आणि ते त्यानं स्वतः शोधलंय. परीक्षा झाली की त्याला माझ्याकडे पाठवा, इथली सोय मी बघतो.

आता तुम्ही म्हणाल, मग दिलं असेल पत्र. नाही दिलं.

का? हेवा होता का? होता, थोडा. पण त्याहून लहान गोष्ट होती. पत्र दाखवायचं तर माझ्याच लाल शाईवर रेघ मारायला लागली असती. पुस्तक नव्हतं हे सांगावं लागलं असतं. चौथ्या आठवड्यात पळून आलो हेही. एक रेघ—तेवढी माझ्याच्यानं मारवली नाही. उद्या देऊ म्हणत परीक्षा आली, निकाल लागला. जर्नल मागायला तो आला तेव्हा सांगितलं, जर्नल कॉलेजात राहतं. त्यानं फक्त विचारलं, सर, माझं कुठं चुकलं? मी म्हणालो, विचार कर, सापडेल. तो मान हलवून मैंदर्गीला गेला आणि दुकानात बसला.

सरांचं पुन्हा पत्र आलं नाही. त्यांच्या हातात माझ्या सहीची पावती होती. पत्र पोचलं, मुलगाच आला नाही, असंच त्यांनी धरलं असणार.

मल्लिनाथ मात्र मला विसरला नाही. दरवर्षी संक्रांतीच्या आधी शेंगांची चटणी आणि कडक भाकरी कुणाबरोबर तरी पाठवायचा. सुमती त्याच डब्यात तिळगूळ भरून परत द्यायची. म्हणायची, असा विद्यार्थी नशिबानं मिळतो. मी जेवत राहायचो.

यंदा तो स्वतःच आला. केस पिकलेत, पण बोलताना अजून टेबलाकडेच बघतो. नात पुण्यात संगणक शिकतेय, हे सांगताना चेहरा फुलला. म्हणाला, "सर, तिच्या पुस्तकात आपली चिठ्ठ्यांची गोष्ट हाय. त्यात म्हणे उत्तरच न्हाय. मी म्हटलं, आमच्या सरांनी ते चूक दिलं होतं. पुस्तक नीट वाच जरा, सर चुकायचे न्हाईत." आणि हसला. मग हळूच, "माझं कुठं चुकलं ते मला अजून सापडलं न्हाय बघा."

मी त्याला चहा दिला. तो समोर बसलेला असतानाही मी खरं सांगितलं नाही. हेही लिहून ठेवतो.

तो गेल्यावर कपाट उघडलं. जर्नल होतं, सरांचं पत्रही त्यातच. 'चूक' या शब्दावर रेघ मारली, खाली लिहिलं—बरोबर. रेघ वाकडी आली. मग एका कागदावर, इथं सांगितलं ते सगळं लिहिलं, काकांच्या खोट्या आजारापासून. माफ कर असं लिहिलं नाही. ते लिहिलं की त्याला उत्तर देणं भाग पडलं असतं, आणि त्यानं ते नक्की मोठ्या मनानं दिलं असतं.

सगळं पाकिटात घालून पोस्टात गेलो. खिडकीतल्या मुलीनं पत्ता वाचला, वजन केलं.

"आजोबा, पोचपावती लावू का?"

"नको, बाळ," मी म्हणालो.