आंदणातला फ्रिज

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, मग सांगतो. आणि हसताना एवढं ध्यानात ठेवा, की यात एका बाईच्या पायाचं बोट गेलंय आणि माझ्या पोरीचा संसार जाता जाता राहिलाय. मी मात्र सुखरूप आहे. गाढवपणा करणारा माणूस बहुतेक वेळा सुखरूपच असतो, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मी किन्हवलीचा. भाताची गिरणी आहे माझी. सगळं आयुष्य पट्टे, बेअरिंग आणि मोटारींत गेलं, त्यामुळे मशीन म्हटलं की मला सगळं कळतं, असं माझं मत होतं. इंदूचं, म्हणजे माझ्या बायकोचं, तसं मत नव्हतं. पण तिला कोण विचारतो?

आमच्या सुजाताचं लग्न टोकावड्याला ठरलं. माणसं चांगली. जावई मुरबाडला कारखान्यात कामाला, घरात फक्त त्याची विधवा आई. मागितलं म्हणाल तर त्यांनी काहीच मागितलं नाही. पण विहीणबाईंना शुगर. रोज इन्सुलिन टोचून घ्यायच्या आणि घरात फ्रिज नाही. इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली मी स्वतः पाहिली. तिथल्या तिथे ठरवलं, पोरीच्या आंदणात फ्रिज जाणार.

शहापूरच्या दुकानातून घेतला. एका दाराचा, लाल, दारावर फुलं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्या ओटीवर आंदण मांडलं. हंडे, पराती, पिंप, कपाट आणि मधोमध फ्रिज. आमच्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं पोरीबरोबर जात नाही. त्यामुळे नाव घालणारा बोलावला होता. तो आपलं सुईचं मशीन घेऊन दिवसभर टर्रर्र करत बसला होता. हंड्यापासून चमच्यापर्यंत मी एक वस्तू सुटू दिली नाही. पाहुणे यायचे, नावं वाचायचे, फ्रिजचं दार उघडून आत डोकवायचे आणि मान हलवायचे. माझी छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण तुटलं. खोटं वाटत असेल तर इंदूला विचारा, तिनेच शिवलं.

पहिला उन्हाळा झकास गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात सुजाताचा फोन आला. मी गिरणीत होतो, कानात भुसा, मागे पट्ट्याची फडफड.

"बाबा, फ्रिजातला पानी गार होत नाय."

"दिवा लागतो?"

"लागतो."

"मोटार गुरगुरते?"

"गुरगुरते."

"मग चालू हाय. होल्टेज डाऊन असेल. उन्हाळ्यात सगळ्यांचाच असतो. काळजी करू नको गो."

बघा, किन्हवलीत बसून टोकावड्याचा फ्रिज मी असा तपासला. पोरीने बापावर विश्वास ठेवला आणि सासूचं औषध त्याच फ्रिजात राहू दिलं. बाहेर अंगण भाजत होतं, आणि आत फ्रिजमध्ये दिवा तेवढा पेटत होता.

विहीणबाईंच्या पायाला साधा फोड आला. तो भरेना. चिघळला, काळा पडला. दवाखान्यात नेलं तर साखर कुठल्या कुठे गेलेली. डॉक्टरांनी विचारलं, औषध ठेवता कुठे? मग फ्रिज बघितला, तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त उकडत होतं. औषध उकाड्याने केव्हाच नासलेलं, त्या बिचाऱ्या रोज नुसतं पाणी टोचून घेत होत्या. पायाचं बोट कापावं लागलं.

आणि मग एका दुपारी सुजाता पिशवी घेऊन आमच्या दारात उभी. इंदूने पाण्याचा तांब्या दिला. पोरीने तो हातात धरूनच ठेवला.

"सासूबाई बोलतात, मी प्लग काढत होते. लाइटबिल वाचवायला. सारखा काढून काढून फ्रिज बिघडवला नि त्यांचा औषध नासवला."

"काढत होतीस का?" मी विचारलं.

"मोबाइल लावायला एकदा काढलेला. लगेच परत लावला."

"नि जावई?"

"ते काय बोलत नायत."

जावई काही बोलत नव्हते, हेच सगळ्यात वाईट होतं. विहीणबाई तिच्या हातचं औषध घेत नव्हत्या. शेजारणी आडून बोलत होत्या. आपली पोर सासूच्या जिवावर उठली असं टोकावड्यात कोणी बोलतं, हे ऐकून बापाला काय होत असेल? मला तर रात्रंदिवस काही सुचेना.

नेमकं त्याच सुमारास आमच्या ग्रामपंचायतीत ठाण्याच्या एक बाई ग्राहकांच्या हक्कांवर बोलायला आल्या होत्या. मी पहिल्या रांगेत. बाई म्हणाल्या, वस्तू वाजवी काळ टिकलीच पाहिजे. आतला दोष उशिरा उघडा पडला तर वॉरंटी संपली म्हणून दुकानदाराला हात झटकता येत नाहीत. पैसे एकाने दिले आणि वस्तू दुसरा वापरत असेल, तर त्यालाही तक्रार करता येते. आणि जे काय असेल ते लेखी मागा. हा शेवटचा शब्द माझ्या डोक्यात असा बसला की मी इंदूकडे भाकरीसुद्धा लेखी मागायचा बाकी राहिलो.

दुसऱ्या दिवशी शहापूर गाठलं. सापगावपर्यंत बसमध्ये भाषणाची तालीम केली. शेजारचा माणूस मध्येच उठून दुसऱ्या सीटवर गेला.

दुकानात गिऱ्हाईक होतं. मला तेच पाहिजे होतं.

"शेठ, दोन वर्षं नाय झाली नि फ्रिज मेला."

शेठ म्हणाले, "काका, वॉरंटी एका वर्षाची होती. ती संपली."

"माझ्या विम्याची मुदतपण संपली. मी मेलो का?"

गिऱ्हाइकं हसली. मला चेव चढला. मी वाजवी काळ काढला, आतला दोष काढला, ठाण्याचा ग्राहक आयोग काढला. शेठ सगळं शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "काका, माणूस पाठवतो. कंपनीचा दोष निघाला तर तुमच्या बाजूने मी भांडतो."

आता काय करायचं? मी भांडणाची एवढी तयारी करून गेलेलो, आणि समोरचा भांडेच ना. पण इतक्या लोकांसमोर नुसतं बरं म्हणून खाली कसं उतरायचं? मी काउंटरवर हात आपटला.

"एका बाईचा बोट गेलाय. माझ्या पोरीवर आळ आलाय. ज्याच्यामुळे हा फ्रिज बिघडला, त्याचा नाव मला लेखी पायजे. ते मी टोकावड्यात चार लोकांसमोर वाचणार."

"देऊ," शेठ म्हणाले.

ठरल्या दिवशी सुजाताला घेऊन मी टोकावड्याला गेलो. विहीणबाई ओटीवर खुर्चीत, पायाला पट्टी, पाय स्टुलावर. सुजाता वाकली पाया पडायला, तर त्यांनी पट्टीचा पाय जरासा मागे घेतला. जावई भिंतीला टेकून उभे. शेजारच्या दोघीतिघी आपणहून येऊन बसल्या होत्या. मी त्यांना मुद्दाम म्हणालो, बसा, साक्षीला बऱ्या. मग मेकॅनिक फटफटीवर येईपर्यंत मी सगळ्यांना ग्राहकांचे हक्क समजावून सांगितले.

विहीणबाई एवढंच बोलल्या, "त्यानी माजा बोट येनार का?"

"बोट नाय येनार, पन ज्याने घालवला त्याचा नाव येनार," मी म्हणालो. "लेखी."

मेकॅनिक आला. त्याने फ्रिज ओढून मागची मोटार तपासली. "मोटार एकदम ओके."

"प्लग काढून बिघडली नाय ना? मोठ्याने सांगा."

"प्लग काढून काय होतंय? आतला गॅस गेलाय. कुठून तरी लीक आहे."

मी शेजारणींकडे वळलो. "ऐकलात? लीक. कंपनीचा माल."

जावयांनी पहिल्यांदा सुजाताकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, जिंकलो. खरं तर तिथेच थांबायला हवं होतं. पोरीवरचा आळ गेला होता. पण मला नाव पाहिजे होतं ना?

"लीक शोधा," मी म्हणालो. "कोणाची चूक ते लेखी पायजे."

त्याने थोडा गॅस भरला आणि साबणाचा फेस लावत निघाला. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर पाण्यात शोधतात तसंच, गॅस निसटेल तिथे बुडबुडा येतो. मागच्या नळ्यांना लावला, काही नाही. मग पुढून दार उघडलं आणि वर बर्फाची ॲल्युमिनियमची पेटी असते ना, तिला लावायला घेतला. त्या पेटीच्या पत्र्यातच गॅसचे रस्ते असतात, हे मला त्या दिवशी कळलं. गिरणीला पेटी नसते.

"हे काय आहे?" मेकॅनिक म्हणाला आणि फडक्याने पत्रा पुसला.

मी पुढे वाकलो. आणि मला आठवलं.

नाव घालणारा विचारत होता, काका, फ्रिजवर कुठे घालू, दारावर? मी म्हणालो होतो, दारावर नको, रंग उडेल. आत घाल, बर्फाच्या पेटीवर. विहीणबाई औषध काढायला दार उघडतील तेव्हा दर वेळी माझं नाव त्यांच्या नजरेला पडलं पाहिजे. आणि दाबून घाल, जन्मात पुसलं नाही पाहिजे.

त्याने घातलं होतं दाबून. सुई त्या दिवशी आरपार गेली नव्हती, पण पत्रा तिथे विरळ झाला होता. पुढे बर्फ धरला, वितळला, पाणी मुरलं, आणि दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत भोक पडलं. हे मेकॅनिकने सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. तेही मोठ्याने. मीच सांगितलं होतं ना त्याला.

फेसातून एक बुडबुडा वर आला. फुगला, फुटला. परत दुसरा आला, त्याच जागी. विहीणबाई खुर्चीचा हात धरून उठल्या, लंगडत फ्रिजपाशी आल्या आणि डोळे बारीक करून वाचायला लागल्या.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिनी सुजाता हिस, वडील दामोदर यांजकडून सप्रेम भेट."

बुडबुडा 'दामोदर'मधून येत होता.

"व्याही," त्या म्हणाल्या, "तुमाला नाव लेखी पायजे होता ना? हाय की. आधीच लिवलेला हाय."

शेजारणींनी तोंडाला पदर लावले. मी दुकानदाराला, कंपनीला, होल्टेजला, सगळ्या ठाणे जिल्ह्याला दोष दिला होता. ग्राहकांच्या त्या बाई खोटं काही बोलल्या नव्हत्या, हक्क सगळे खरे आहेत. पण विकत घेतलेला चांगला माल गिऱ्हाइकाने स्वतः भोसकला तर काय करायचं, ते मी विचारलंच नव्हतं.

आणि याहून वाईट पुढेच होतं. मी कसाबसा हात जोडून म्हणालो, "विहीणबाई, अजून एक. पानी गार होत नाय म्हणून पोरीने मला फोन केलेला. मीच बोललो, चालू हाय."

विहीणबाई सुजाताकडे वळल्या. "तू बोललीस नाय कदी गो, बापाने सांगितला म्हनून?"

सुजाता खाली बघत म्हणाली, "त्यांचा नाव कशाला घ्यायचा?"

पिशवी घेऊन घर सोडून आली, पण पोरीने माझं नाव कुठे निघू दिलं नव्हतं. मी मात्र ते फ्रिजात कोरून ठेवलं होतं. मी तिथेच ओटीवर खाली बसलो आणि रडलो. पट्टी बांधलेला तो पाय माझ्यासमोरच होता.

मेकॅनिकने भोकावर ठिगळ मारलं, गॅस भरला. खर्च माझा, हे सांगायला नको. संध्याकाळपर्यंत फ्रिज गार झाला. ठिगळाखाली नेमकं माझं नाव झाकलं गेलंय. आता सुजाताच्या नावापुढे नुसतं 'वडील' आणि 'यांजकडून सप्रेम भेट' एवढंच दिसतं.

मी निघायला चपला घालत होतो. विहीणबाईंनी शेजारच्या फ्रिजात ठेवलेली इन्सुलिनची बाटली मागवून घेतली, थोडा वेळ हातात धरली आणि मग सुजाताला हाक मारली. सगळ्यांसमोर बाटली तिच्या हातात दिली.

"ठेव गो तूच. खालच्या कप्प्यात ठेव," त्या म्हणाल्या. "वर नको. वर तुजा बापूस बसलाय."