बाविसाव्या आठवड्यापुढची पानं

माझी धाकटी जाऊ अंजली नेमकं काय काम करते, हे आमच्या इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये आजवर एकालाही धड सांगता आलेलं नाही. खालच्या मजल्यावरच्या सुलाबाई म्हणतात, "ती डायऱ्या छापते." अहो, छापते कुठं? कागदाचा कपटा नाही की शाईचा थेंब नाही. त्या ई-इंक टॅबलेट निघाल्यात ना, पाटीएवढ्या, करड्या, डोळ्याला न टोचणाऱ्या, पेननं लिहिलं की कागदावर लिहिल्यासारखं वाटतं, त्यांच्यासाठी ती प्लॅनर बनवते. महिन्याची पानं, आठवड्याची, दिवसाची. कडेला बारीक चौकोन असतात. मार्चवर बोट ठेवलं की मार्चचं पान उघडतं. लोक नेटवरून फाइल विकत घेतात आणि आपापल्या पाटीवर चढवतात. कुठले कुठले लोक, कॅनडातले, फिनलंडमधले. माझं ब्लाउजचं गिऱ्हाईक फार तर पाथर्डी फाट्यावरून येतं.

लग्नाआधी ती अंबडला एका कंपनीत ड्रॉइंगला होती. तिथली शिस्त हाडात भिनलेली. दोन रेघांमधलं अंतर एवढंसं कमी वाटलं म्हणून एकदा तीनशे पासष्ट पानं पुन्हा केली बाईनं. मी म्हटलं, "अगं, फिनलंडची बाई काय फूटपट्टी घेऊन बसणारे का?" तर म्हणते, "ती नाही बसणार ताई, पण मला दिसतं ना." हसायची तेव्हा. खूप हसायची, तोंडावर हात ठेवून.

लग्नाला सहा वर्षं झाली आणि तिला दिवस गेले. माझा दीर बुद्धभूषण तर हवेतच होता. सासूबाईंनी, लताबाईंनी, जुनी सुती लुगडी धुऊन दुपट्यांसाठी बाजूला काढली. आणि अंजलीनं काय करावं? गरोदर बायकांसाठी प्लॅनर काढलं. आठवड्यागणिक पान. म्हणाली, "बाजारात आहेत ती सगळी पुस्तकं वाचून केलेली आहेत. मी जगून करणार." दर शनिवारी बसायची आणि सरलेल्या आठवड्याचं पान करायची. त्या आठवड्यात तिला स्वतःला जे टिपून ठेवावंसं वाटलं, त्याचेच रकाने. कशाची किळस आली, कोणत्या कुशीवर झोप लागली, डॉक्टरांना काय विचारायचं राहिलं. बाविसाव्या आठवड्याच्या पानावर तिनं एक चौकोन काढला होता, आज बाळ हललं का, म्हणून. तेवढी पानं झाल्यावर तिनं पहिला भाग विकायला ठेवला. खाली लिहिलं की पुढच्या आठवड्यांचा दुसरा भाग घेतलेल्यांना आपोआप मिळेल. सव्वीस बायकांनी घेतला. सगळ्या तिच्या मागच्या, कोणी आठव्यात, कोणी चौदाव्यात.

विकायला ठेवला तो शनिवार होता. बुधवारी तिच्या पोटात कळा आल्या. पिशवीचं तोंड आधीच उघडलं, असं डॉक्टर म्हणाले. दुपारपर्यंत सगळं संपलं.

भूषण आणि आमचे हे, दोघं भाऊच काय ते करून आले. घरी आल्यावर सासूबाईंनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "आता ह्या घरात त्या गोष्टीवर कोणी बोलायचं नाही. बोललं की जखम ओली राहते." लुगडी पेटीत गेली. आम्ही कोणी बोललो नाही. मीही नाही, आणि माझी जीभ किती चालते हे सगळ्या कॉलनीला माहीत आहे.

अंजली रडली नाही. मी वाट बघत होते, आज रडेल, उद्या रडेल. ताट वाढलं की जेवायची, काढलं की उठायची. मीठ जास्त झालेली भाजीसुद्धा तशीच खाल्ली, मीच ती थुंकून टाकली. "कशी आहेस गं?" म्हटलं की म्हणायची, "बरी आहे." एकदा एवढंच बोलली, "ताई, दाताच्या डॉक्टरनं इंजेक्शन दिल्यावर गाल कसा होतो, तशी मी सगळीच झालेय." खरं सांगू? मला तिचा राग यायचा. अगं, आदळआपट कर, भांडी फेक, मला चार शिव्या दे. नुसती आपली भिंतीसारखी समोर.

मग एक दिवस ती माझ्या मशीनपाशी आली. हातात ती पाटी. म्हणाली, "ताई, एका बाईचं पत्र आलंय. ती आता विसाव्या आठवड्यात आहे. दुसरा भाग कधी येणार, विचारतेय. तिला तीन आठवड्यांत लागेल."

माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, "चुलीत गेला तुझा दुसरा भाग! पैसे परत कर आणि मोकळी हो."

"पैसे करेन परत. पण का परत करतेय, ते लिहावं लागेल ना? पोटात बाळ असलेल्या सव्वीस बायकांना मी हे कळवू?"

"काहीतरी थाप मार."

"आणि त्या बसतील विचार करत, हिचं काय झालं म्हणून. त्या मोजतील ताई. मी किती आठवड्यांची आहे, ते पहिल्याच पानावर लिहिलंय मी." आवाज सपाट. जणू दुधाचा हिशोब सांगतेय. "दुसरा भाग वेळेवर गेला तर त्यांना काही कळणार नाही. पण पुढचं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे."

मला दोन मुलं, धम्मपाल आणि साक्षी. मला माहीत होतं, म्हणूनच मी दोन दिवस तिला टाळलं.

तिसऱ्या दिवसापासून ती रोज जेवणं झाली की माझ्याजवळ स्टूल घेऊन बसायला लागली. "तेविसाव्या आठवड्यात काय लागतं?"

"मला काय विचारतेस आठवडे? आम्ही महिने मोजले."

मग तिनं महिन्यांचे आठवडे पाडून एक तक्ता केला आणि माझ्यासमोर ठेवला. मी सांगायची, ती टिपायची. पाय सुजतात, चपला होत नाहीत, मी ह्यांच्या चपला घालून भाजीला जायचे. छातीत जळजळतं, गार दूध बरं वाटतं. डाव्या कुशीवर झोपायचं. सातव्यात बरगडीखाली लाथ बसते ती अशी, की मशीनवर बसलेलं असताना मांडीवरचं कापड उडतं. हे बोलून गेले आणि जीभ चावली. ती लिहीत होती. "कापड उडतं," तिनं स्वतःशीच म्हटलं, आणि पुढं, "दिवसातून किती वेळा?"

दुसऱ्या दिवशी मी हात आखडता घेतला. "एकोणतिसाव्यात काही नाही लागत. तिसाव्यातही नाही."

"खोटं नका सांगू, ताई. त्या बायकांना लागेल."

सासूबाई दारातून बघायच्या आणि आत निघून जायच्या. एकदा मला गाठून म्हणाल्या, "मीना, तिला कशाला ते सगळं सांगत बसलीस? डोकं फिरलंय का तुझं?" मी तडकले, "आई, ती विचारतेय! निदान काहीतरी विचारतेय." आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

अठरा दिवसांत अठरा पानं झाली. दवाखान्यात न्यायच्या पिशवीची यादी, रिक्षावाल्याच्या नंबरचा रकाना, कोणाला आधी फोन करायचा ते. दुपट्याला तिकडं काय म्हणतात, ते तिनं शोधून काढलं. वेळेच्या आदल्या दिवशी फाइल गेली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. आता ही माझ्याजवळ बसणार नाही, मला ते आठवावं लागणार नाही. हो, मलाच सुटल्यासारखं वाटलं, तिचं नंतर मनात आलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा स्टुलावर. "ताई, चूक झालीय." एका बाईचं पत्र होतं. मग दुसरीचं. मग आणखी चौघींची. सगळ्यांचं एकच म्हणणं, अगदी गोड भाषेत. पानं सुंदर आहेत, पण कडेच्या कोणत्याही आठवड्यावर बोट ठेवलं तरी बाविसावाच उघडतो.

तिनं मला समजावलं. प्रत्येक नवं पान आणि कडेचा प्रत्येक नवा चौकोन जुन्याची नक्कल करून करतात. दुसऱ्या भागाची सुरुवात तिनं बाविसाव्याच्या पानापासूनच केली होती, आणि ते पान फाइलीत तसंच राहिलं होतं. नक्कल केली की कडेचे चौकोन जुन्याच पानाकडे बोट दाखवत राहतात, ते एकेक करून वळवायचे असतात. हे ह्या धंद्यातलं पहिलं पाऊल. इतक्या वर्षांत तिच्या हातून हे कधी राहिलं नव्हतं. ह्या वेळी एकही वळवला नव्हता.

तिनं पाटी माझ्या हातात दिली. मी तिसाव्यावर बोट ठेवलं. बाविसावा. अडतिसाव्यावर ठेवलं. बाविसावा. आज बाळ हललं का, तो चौकोन. पुन्हा. पुन्हा.

"सगळी पानं तिथंच जातायत," ती म्हणाली.

मी रडले. मशीनवर डोकं ठेवून हमसून हमसून रडले, कोणाचं तरी चोळीचं कापड भिजवलं. आणि अंजली? ती उठली, माठातलं पाणी आणलं, माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "प्या," म्हणाली. "आपल्याला तीनशे एकसष्ट चौकोन आहेत. आठवड्यांची अठरा पानं आणि शेवटचं एक, प्रत्येकावर एकोणीस."

दोन दिवस लागले. ती चौकोन वळवायची, मी हुक लावता लावता नंबर पुकारायची. "तेविसावा?" "गेला तेविसाव्यावर." "चोविसावा?" "गेला." पहिल्या दिवशी संध्याकाळी सासूबाई चहा घेऊन आल्या आणि तिथंच बसल्या. दुसऱ्या दिवशी तर त्याच नंबर पुकारत होत्या, मधले दोन खाऊन. "आई, पस्तिसावा राहिला," अंजली म्हणाली. "हो गं बाई, पस्तिसावा," त्या म्हणाल्या.

फाइल पाठवायच्या आधी तिची एक रीत असते. प्रत्येक पानावर पेननं काहीतरी लिहून बघायचं, अक्षर रकान्यात मावतंय का, ते बघायला. कोणी तारीख लिहील, कोणी नुसती रेघ ओढील. तिनं प्रत्येक पानावर बारीक रेघ ओढली. चाळिसाव्यानंतर एक शेवटचं पान होतं, बाळ आल्यानंतर भरायचं. वजन, वेळ, नाव. त्यावर ती थांबली.

वजनाच्या रकान्यात तिनं लिहिलं, चारशे तीस ग्रॅम. वेळेच्या रकान्यात, दुपारी बारा वाजून दहा मिनिटं.

मी आणि सासूबाई तिच्या दोन्ही अंगाला. इतक्या दिवसांत मी तिला जेवलीस का, झोपलीस का, गोळ्या घेतल्यास का, सगळं विचारलं होतं. मुलगा होता की मुलगी, एवढं विचारलं नव्हतं. कोणीच विचारलं नव्हतं.

नावाच्या रकान्यात तिनं लिहिलं, उत्पला.

सावकाश लिहिलं, एकही रेघ हलू न देता. मग पेन उचललं, आणि तेव्हा कुठं ती रडायला लागली.

"आई," ती सासूबाईंना म्हणाली, "रकान्यात मावलं का हो?"

"मावलं गं," सासूबाई म्हणाल्या, आणि तिला कवेत घेऊन मोठ्यानं त्या नावानं रडल्या.