मी गिऱ्हाईक झाले तेव्हा

आमच्या सरांचा मला आजही राग येतो आणि तो कमी व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मोठ्या मनाची अपेक्षा ठेवून कुणी पुढे वाचणार नाही.

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर टेक्निकल सपोर्टचा कोर्स करत होते. मशीन उघडून दुरुस्त करणं त्यात होतंच, पण खरं शिक्षण फोनवरचं. समोरच्याचं मशीन आपल्याला दिसत नाही, त्याला त्यातलं काही कळत नाही, आणि तरी त्याच्याच हातून ते दुरुस्त करून घ्यायचं. त्यासाठी आमचं ‘कॉल प्रॅक्टिकल’ असायचं. लॅबला लागून काचेचं पार्टिशन घातलेली एक खोली होती. तिथे इंटरकॉमचा एक फोन, लॅबमध्ये दुसरा. खोलीतला माणूस गिऱ्हाईक, लॅबमधला टेक्निशियन. गिऱ्हाइकाने मनात एक बिघाड धरायचा, टेक्निशियनने प्रश्न विचारून तो शोधायचा. फोन स्पीकरवर असायचा, त्यामुळे सगळा वर्ग ऐकायचा. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी उलट उत्तर द्यायचं नाही, आणि फोन आपण होऊन ठेवायचा नाही. ठेवला की नापास.

गिऱ्हाईक बहुतेक वेळा सरच व्हायचे. त्या खुर्चीत बसलं की त्यांना चेव यायचा. एरवी वर्गात जे बोलता येत नाही, ते गिऱ्हाइकाच्या तोंडून बोलता येतं, हे त्यांना बरोबर कळलं होतं. कुणाच्या जाडेपणावर बोलायचे, कुणाच्या अडखळण्यावर. माझी पाळी आली की म्हणायचे, “आधी तुमचं पूर्ण नाव सांगा, मॅडम.” मी नाव सांगायची, वडिलांचं सांगायची, मग आडनाव. त्यानंतर पलीकडे जरा शांतता आणि मग, “अच्छा.” एवढंच. कुणाला तक्रार सांगायला गेले असते तर काय सांगणार होते? सर ‘अच्छा’ म्हणाले? पण त्या ‘अच्छा’मध्ये माझी सगळी वस्ती मोजलेली असायची, आणि ते वर्गातल्या प्रत्येकाला समजायचं.

मी गप्प बसायची, कारण कोर्सचा जीव त्या प्रॅक्टिकलमध्ये होता. नागपूरची एक कंपनी दरवर्षी आमच्याकडची मुलं घ्यायची, आणि कॉलमध्ये पास झालेल्यांनाच घ्यायची. वर्ध्यात नालवाडीतल्या भाड्याच्या खोलीवर मी नोकरीच्या भरवशावर राहत होते. नापास झाले असते तर आर्वीला परत, आणि मग लग्नाचं बघा, असं घरी ठरल्यासारखंच होतं.

माझे वडील आर्वीच्या एसटी डेपोत मेकॅनिक. कामानिमित्त एकदा वर्ध्याला आले तेव्हा पोरीची चौकशी करावी म्हणून कॉलेजात आले. सोबत संत्र्यांची पिशवी. सरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, फार गोड बोलले.

बाबा म्हणाले, “सायेब, पोरगी फोनवर बोलाचं शिकून राह्यली म्हणते. मले काही समजून नाई राह्यलं. फोनवर बोलाले कोर्स कायले लागते?”

ते थट्टा करत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. सरांनी त्यांना समजावून सांगितलं, हसून पाठवलं. बाबा जाताना मला म्हणाले, “चांगला माणूस आहे. नीट शिकजो.” पिशवी सरांच्या टेबलावर राहिली.

मधल्या सुट्टीनंतर कॉल प्रॅक्टिकल होतं. सर काचेच्या खोलीत गेले, जाताना दोन संत्री घेऊन गेले. टेक्निशियन म्हणून माझं नाव पुकारलं. मी फोन उचलला आणि पलीकडून माझ्या बाबांचा आवाज आला.

“सायेब, मले काही समजून नाई राह्यलं. फोनवर बोलाले कोर्स कायले लागते, सायेब?”

हुबेहूब. शब्दांच्या शेवटी बाबा जरा खाली घसरतात, तेसुद्धा. मध्ये मध्ये संत्र्याची फोड चघळल्याचा आवाज. वर्ग आधी दबकत हसला, मग मोकळा हसला. काचेतून सर माझ्याकडेच बघत होते. आता ही काय करते, हे त्यांना बघायचं होतं. मी म्हणाले, “मी तुमची अडचण समजू शकते, सर.” सगळे प्रश्न विचारले, बिघाड शोधला, आभार मानले. सरांनी मार्क कापले. म्हणाले, “उत्तर बरोबर आहे, आवाजात आपुलकी नाही.”

त्या दिवसापासून मी सरांचा अभ्यास सुरू केला. पुस्तकांचा केला नसेल इतका. बोलण्याआधी दोनदा घसा खाकरायचे, तो कसा. वाक्य संपलं की पेनचं बटण टकटक वाजवायचे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट मला कॉरिडॉरमध्ये सापडली. वर्गात ‘ण’ला ‘न’ म्हटलं तर डोळे वटारणारे सर घरचा फोन आला की खिडकीपाशी जाऊन आमच्यासारखेच बोलायचे. “अवं, कूलरमंधी पाणी टाकलं काय? काऊन नाई टाकलं?” मी पाण्याच्या टाकीमागे उभी राहून ऐकायची. खोलीवर आले की दार लावून आरशासमोर तेच म्हणून बघायची, जमेपर्यंत. याचं काय करणार आहे हे माहीत नव्हतं. पण माझ्याकडे काहीतरी साठतंय एवढं कळत होतं, आणि त्यावर मी दिवस काढत होते.

परीक्षा मे महिन्यात होती. वर्ध्याचा मे म्हणजे सांगायला नको, लॅबचे पंखे नुसती गरम हवा ढवळत होते. नागपूरहून परीक्षक बाई आल्या होत्या, पांढरे केस, कमी बोलणाऱ्या. आमच्याकडे पद्धत अशी की सुरुवातीला सरांनी स्वतः टेक्निशियन होऊन एक नमुन्याचा कॉल करून दाखवायचा. गिऱ्हाईक म्हणून त्यांचा एक लाडका विद्यार्थी ठरलेला असायचा आणि बिघाडही ठरलेला. तो उठलाच होता, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “तयारीचा मुलगा नको. ती मागे बसली आहे ना, तिला पाठवा.”

मी उठले. काचेच्या खोलीत त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसले. बिघाड काय धरायचा हे मी चालता चालता ठरवलं होतं. फोन वाजला.

“नमस्कार, टेक्निकल सपोर्ट. मी आपली काय मदत करू शकतो?”

मी दोनदा घसा खाकरला. त्यांच्यासारखा.

“हं, आमचा कॉम्प्युटर आपोआप बंद पडून राह्यला, अन् आपोआपच चालू होऊन राह्यला. अन् हे पाहा, मले शिकवाचं नाई. मी स्वतः कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो.” आणि टेबलावरचं पेन उचलून बटण टकटक केलं.

 काचेपलीकडे मागच्या बाकावरून एक फिसकन हसू आलं. सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी आरामात पाहिला.

“आपलं मशीन साधारण केव्हा बंद पडतं?”

“थांबा. मी कोणाशी बोलून राह्यलो ते तं कळू द्या. पूर्ण नाव सांगा तुमचं पयले.”

त्यांना सांगावंच लागलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मी जरा थांबले. पुरेशी थांबले. मग म्हणाले, “अच्छा.”

या वेळी कुणी हसलं नाही. मला हसणं नकोच होतं, मला ही शांतता हवी होती.

सर व्हायरसवर गेले, अपडेटवर गेले, मशीन उघडून रॅम काढून पुसा म्हणाले. मी प्रत्येक वेळी टकटक करून म्हणाले, “ते केलं. दुसरं बोला.” शेवटी म्हणाले, “मशीन तापत असेल. आतला पंखा साफ करा.”

“मी शिकवतो नं हे सारं, मले पंखा शिकवून राह्यले काय तुमी?” आणि मग फोनवरून तोंड जरा बाजूला केलं, घरात हाक मारावी तशी हाक मारली. “अवं, कूलरमंधी पाणी टाकलं काय? काऊन नाई टाकलं? टाक, अन् लाव बटन.” पुन्हा फोनमध्ये म्हणाले, “हे पाहा. पडला पुन्हा बंद.”

आता याहून अधिक काय सांगायचं? आमच्या भागात उन्हाळ्यात कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेले नाहीत असं घर शोधून सापडणार नाही. कूलरची मोटर उठली की दिवा डोळा मारतो आणि कॉम्प्युटर बंद पडतो. ‘त्या बोर्डावर अजून काय लावलंय?’ हा पहिला प्रश्न आम्हाला सरांनीच शिकवलेला. वर्गातल्या बहुतेकांना कळलं होतं. त्यांच्या लाडक्या विद्यार्थ्याने ‘कूलर, सर’ असं हळूच म्हटलंही. पण सर बिघाड ऐकतच नव्हते. ते स्वतःचा आवाज ऐकत होते.

“ठेव फोन,” ते म्हणाले. “काऊन माह्या जिवावर उठली तू?” आणि रिसीव्हर आपटला.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. मला बाहेर बोलावून विचारलं, “कूलर एकाच बोर्डावर, बरोबर?” मी हो म्हणाले. मग सगळ्यांकडे बघून त्यांनी शांतपणे विचारलं, “फोन कुणी ठेवला?”  सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्या दिवशीचे सगळे कॉल बाईंनी स्वतः घेतले आणि स्वतःच मार्क दिले. मी पास झाले, नागपूरला लागले. वर्ध्याहून आर्वीच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या अंगात इतका आनंद होता की बाजूच्या अनोळखी बाईला मी विनाकारण शेंगदाणे घेऊन दिले.

घरी अंगणात आईला, बाबांना तो सगळा कॉल करून दाखवला. खाकरणं, टकटक, अच्छा, कूलर. बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, “अजून एकदा कर, ते कूलरवालं.” मी पुन्हा केलं. मग डोळे पुसत म्हणाले, “पण चांगला माणूस होता तो. मले खुर्ची देली, पाणी देलं. तू एवढी काऊन त्याच्या मागं लागली?”

मी तोऱ्यात होते. सांगून टाकलं. संत्र्यांसकट.

 बाबांनी विचारलं, “साऱ्या वर्गासमोर?”

“हो.”

“हासले काय सारे?”

मी आईकडे बघितलं. ती परातीतल्या पिठाकडे बघत होती.

“करून दाखव बरं,” बाबा म्हणाले. “कसा बोलतो मी ते.”

मला ते करता आलं असतं. सरांच्या आवाजातले बाबा मला अजूनही तोंडपाठ आहेत. मी म्हणाले, “मले नाई येत, बाबा.” त्यांनी मान हलवली आणि चपला घालून बाहेर गेले.

आता मी दिवसभर फोनवर लोकांची मशीनं चालू करून देते. सुट्टीत घरी गेले की बघते, बँकेचा, गॅसवाल्याचा, कुणाही परक्याचा फोन आला की बाबा नंबर बघतात आणि मोबाईल आईकडे देतात. “तू बोल,” म्हणतात. डेपोत बसच्या इंजिनाखालून ओरडून अख्खा डेपो हलवणारा माणूस. सरांनी रिसीव्हर आपटला तेव्हा फिटलं असं मला वाटलं होतं. आई फोनवर “हॅलो, कोण बोलून राह्यलं?” म्हणते, बाबा बाजूला बसून तिच्या तोंडाकडे बघत राहतात, आणि मला सर पुन्हा त्या काचेच्या खोलीसमोर हवे असतात.