चार इंचांचं पातं

आमच्या रविवारच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये सुरी एकच असे आणि ती ग्रुपच्या प्रमुखांकडे असे. ते निवृत्त बँक अधिकारी. सगळे त्यांना सर म्हणत. दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि सुरी हे सामाईक सामान त्यांच्या सॅकमध्ये राहायचं. बायकांनी भेळेचा कांदा घरून चिरून आणायचा. गडावर पोचलो की सर सुरी काढायचे, तिच्या सात पात्यांपैकी एक उघडायचे आणि लिंबं कापायचे. पाच वर्षांत त्या सुरीने दुसरं काही कापलेलं मी पाहिलं नाही.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर या ग्रुपमध्ये आले. बरोबर आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीतली मैत्रीण होती. ती शाळेत गणित शिकवायची.

ऐन पावसाळ्यात एका उतारावर तिचा पाय घसरला. ती खाली गेली नाही, कारण तिची सॅक करवंदाच्या जाळीत अडकली. उजवा पट्टा काखेत पिळला गेला आणि तिचं सगळं वजन त्या पट्ट्यावर आलं. पायाखाली टेकायला जागा नव्हती. बक्कल वजनाखाली दबलं होतं, ते उघडेना. मी खालच्या दगडावर उभी राहून तिची कंबर धरली आणि जमेल तेवढं वर उचलून ठेवलं. सुरी सरांकडे होती आणि सर दोन वळणं पुढे गेले होते. हाका मारून त्यांना मागे आणायला वीस मिनिटं गेली. मग त्यांचं पातं पट्ट्यावर नुसतं घासत राहिलं. त्या सुरीला कधी कोणी धार लावलीच नव्हती. शेवटी मैत्रीण सुटली तेव्हा तिचा हात खांद्यापासून लोंबत होता. डॉक्टरांनी नस दबल्याचं सांगितलं. अनामिका आणि करंगळीतली ताकद अजून पूर्ण परत आलेली नाही.

पुढच्या बैठकीत सरांनी निष्कर्ष मांडला, की बायकांनी मोठ्या सॅक आणू नयेत.

"आणि सुरी?" मी विचारलं.

"सुरी आहे ना माझ्याकडे."

"तीच अडचण झाली, सर."

"मॅडम, उद्या प्रत्येकाने सुरी आणली तर लोक विचारतील, ट्रेकला निघालात की दरोड्याला."

हशा झाला. मैत्रीण डाव्या हातात कप धरून चहा पीत होती. ती हसली नाही. मी त्याच दिवशी ठरवलं की यापुढे माझी सुरी माझ्याकडे असेल.

पहिली सुरी चुकली, हे नोंदवायला हवं. तीस वर्षं लोकांच्या बातम्यांतली विशेषणं काढून टाकणाऱ्या मी ही सुरी जाहिरातीतली विशेषणं वाचूनच ऑनलाइन मागवली. आठ इंचांचं काळं पातं, पाठीला करवतीचे दाते, पोकळ मुठीत काडेपेटी आणि गळ, मुठीच्या टोकाला होकायंत्र. गच्चीवर कुठेही तोंड करून उभं राहिलं तरी ते होकायंत्र उत्तर दिशा म्हणून दक्षिणेच्या कात्रजकडे बोट दाखवायचं. एक वाळकी फांदी चिरायला घेतली आणि तिसऱ्या ठोक्याला पातं मुठीतून निखळलं. नवरा खुर्चीवर बसून बघत होता.

"वाघ वाचला," तो म्हणाला.

"अहो, फांदीसुद्धा वाचली."

दुसरी सुरी घ्यायला नारायण पेठेत गेले. एका बोळात चाकू-कात्र्यांचं जुनं दुकान आहे. मालक सत्तरीचे. मी सुरी म्हटल्यावर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "भाजीची पुढच्या दुकानात मिळेल."

"डोंगरात न्यायची आहे."

"डोंगर कापायचाय?"

"सॅकचा पट्टा, दोर, जखमेवर बांधायचं कापड, वाळकी काटकी. एवढंच."

आता त्यांनी वर पाहिलं. "मग चार इंच पुरे. आठ इंच सिनेमात लागतं."

त्यांनी तीन सुऱ्या काढून काउंटरवर ठेवल्या. घडीची सुरी त्यांनी स्वतःच बाजूला सारली. घडी म्हणजे सांधा, आणि तो नको तेव्हा मिटतो, असं म्हणाले. उरलेल्या दोन्हींत मुठीच्या कडेने लोखंडाची पट्टी टोकापर्यंत गेलेली दिसत होती. पातं आणि मूठ एकाच पट्टीची असली तर निखळायला काही उरतच नाही. पाठ सपाट, दाते नाहीत, म्हणजे वरून लाकडाने ठोकता येतं. जाडी तीन मिलिमीटर. मग त्यांनी पाण्याचं भांडं पुढे केलं.

"हात बुडवा आणि मग धरा. कोरड्या हाताला सगळ्याच मुठी आवडतात."

पहिली मूठ गुळगुळीत होती, ओल्या हातात फिरली. दुसरी खरखरीत, बोटांपुढे आडवा उंचवटा असलेली. ती हलली नाही.

"हिला गंज चढतो," त्यांनी सांगितलं. "स्टेनलेस नाही. पण धार दगडावर पाच मिनिटांत येते. वापरली की पुसायची, तेलाचं बोट फिरवायचं. वेळ आहे?"

"निवृत्त आहे मी."

"निवृत्तांनाच वेळ नसतो. त्यांच्या सुऱ्या माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा कळतं."

मी सुरी घेतली, दगडही घेतला. घरी येऊन कायदा वाचला. परवाना लागणाऱ्या मापांच्या ती पुष्कळ आत होती. पुढचा महिनाभर रोज सकाळी जुन्या सॅकचे पट्टे खिडकीच्या गजाला ताणून बांधले आणि कापले. सुरुवातीला एका पट्ट्याला नऊ-दहा ओढी लागत. महिन्याच्या शेवटी दोन लागू लागल्या.

खंडेनवमीला ग्रुपचा रिवाज होता. गडाच्या पायथ्याशी सतरंजी अंथरून सामानाची पूजा करायची: दोर, काठ्या, पेटी, सरांची सुरी. सगळ्यांनी आपापली साधनं मांडायची. मीही माझी सुरी मांडली. सरांनी सगळ्यावर पाणी शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला. नारळ फुटला. मग ते म्हणाले, "मॅडमनी उत्तम सुरी आणली. आता पूजेत बसली म्हणजे ती ग्रुपची झाली. सामाईक सामानात राहील."

"नाही," मी म्हटलं.

"रिवाज आहे."

"रिवाज दोराचा आहे. दोर वर्गणीचा होता. सुरी माझी आहे."

"बरं, तुमची. पण आज उचलू नका. अवजारं उद्यापर्यंत विसावतात."

हा रिवाज माझ्याही घरचा आहे. माझ्या वडिलांनी खंडेनवमीला कधी पेनलाही हात लावला नाही. मीही तो आजवर मोडला नव्हता. पण आम्ही पूजा करून लगेच गड चढणार होतो, आणि चढणाऱ्या कोणाकडेही सुरी असणार नव्हती. शिवाय पात्यावर पाणी होतं आणि ओली हळद. मी झेंडू बाजूला केला, सुरी उचलली, ओढणीने पुसली, म्यानात घातली आणि सॅकमध्ये टाकली.

मग एका काकूंनी हळूच म्हटलं, "अहो, निदान नमस्कार तरी करायचा."

मी नमस्कार केला. सुरी सॅकमध्येच राहिली.

"मग आमच्याबरोबर तुम्ही येऊ नये हे बरं," सर म्हणाले.

"वाट सगळ्यांची आहे, सर. मी मागून येते."

मैत्रिणीने आपली काठी सतरंजीवरून उचलली आणि ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. आम्ही दोघी त्यांच्यामागे शंभर पावलं अंतर ठेवून चढलो. दुपारी उतरायच्या आत दोघींनाही व्हॉट्सॅप ग्रुपमधून काढलेलं होतं. कारण दिलेलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघीच खडकवासल्याच्या वरच्या अंगाला एका टेकडीवर गेलो. मैत्रिणीला सुरी वापरायला शिकायचं होतं, तेही डाव्या हाताने. मी एक जुना पट्टा बाभळीला बांधला. तिला सॅक उतरवून, चेन उघडून, म्यान काढून कापायला बराच वेळ लागत होता. गवताचा भारा डोक्यावर घेऊन एक बाई वर येत होती. ती थांबली.

"काय वो बाई, चांगला पट्टा कशापायी कापताय?"

"शिकतोय," मैत्रीण म्हणाली. "मागे मी सॅकसकट अडकले होते जाळीत. सुटता येईना."

बाईने भारा खाली टाकला. सुरी मागून घेतली, अंगठ्यावर आडवी फिरवून बघितली. "धार हाय." मग तिने आमच्या सॅककडे पाहिलं. "ही त्यात ठिवताय?"

"हो."

"आन् त्येच गुतलं तर? पाठीमागं हात कसा पोचंल?"

महिनाभर मी धार, जाडी, मूठ सगळं तपासलं होतं. हा प्रश्न मला पडला नव्हता. बाईने कमरेला खोचलेला विळा दाखवला. "हितं असतुया माजा. झाडावर असू, विहिरीत असू."

मी सुरी म्यानात घातली आणि ते म्यान पँटच्या पट्ट्यात ओवलं. डाव्या बाजूला, मैत्रिणीचाही हात पोचेल असं. उतरताना वाटेत आमच्या जुन्या ग्रुपमधले तिघे समोरून आले. त्यांची नजर आधी माझ्या चेहऱ्यावर आणि मग कमरेवर गेली. मी जॅकेट पुढे ओढलं नाही.