मामंजींच्या डोक्यावरची तुळई

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला आणि ह्यांचं दफ्तर उज्जैनहून उचलून भोपाळला गेलं, तेव्हा मुलगी माझ्या पोटात होती. भोपाळला त्या दिवसांत नोकरदारांना जागा मिळत नव्हती. हे एकटेच पुढे गेले आणि चौघांच्या एका खोलीत राहू लागले. मी आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, उज्जैनलाच राहिलो. मार्गशीर्षात मुलगी झाली. मग आम्ही तिघं झालो.

मामंजींची सारी नोकरी संस्थानच्या जंगलखात्यात गेली होती. पेन्शनीत निघाले आणि दुसऱ्याच वर्षी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. बोलणं सावकाश झालं, पण डोकं आम्हा सगळ्यांपेक्षा शाबूत होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. भोपाळचा विषय निघाला की मामंजी मान वळवून खिडकीकडे बघत राहायचे. एकदा एवढंच म्हणाले होते, की आता मला क्षिप्रेच्या काठावरच राहू द्या.

आमचं घर फ्रीगंजात, टावरच्या मागच्या एका गल्लीत. किरायाच्या दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मोरी. विटांचं बांधकाम, पण चुन्याऐवजी मातीत केलेलं. मधल्या खोलीत आडवी एक जाड तुळई होती, तिच्यावर फळ्यांचा माळा आणि माळ्यावर मकानमालकाने ठेवलेले जादा कवेलू, म्हणजे छपराची कौलं, आणि जुने दरवाजे. त्या खोलीला रस्त्याकडची खिडकी होती म्हणून मामंजींचा पलंग तिथेच, बरोबर तुळईखाली. तुळईच्या मधोमध कडी होती, तिला मुलीचा पाळणा टांगलेला.

आषाढात एके सकाळी पलंगामागच्या भिंतीवर मला मातीची एक रेघ दिसली. बोटाएवढी रुंद, जमिनीपासून निघालेली. मला वाटलं, ओल आली. झाडूने खरवडली तर आतून पांढरट किडे वळवळत बाहेर पडले. वाळवी मी माहेरी पाहिली होती, पण कुंपणाच्या लाकडाला. घरात, आणि तीही माणसाच्या उशाशी, कधी नाही. मी कोपऱ्यापर्यंत सगळी रेघ मोडून काढली आणि मामंजींना काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ परत तिथेच होती. ओली, ताजी, आणि आदल्या दिवसापेक्षा वीतभर वर.

मी ह्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, की मकानमालकाला सांग, मी दसऱ्याला येतोच आहे, बाबांना काही कळू देऊ नकोस, उगाच जिवाला लावून घेतील. शेवटी लिहिलं होतं की घर राहण्यासारखं नसेल तर बाबांना कसंही करून भोपाळला आणावं लागेल. ते पत्र मी मामंजींना वाचून दाखवलं नाही. एरवी प्रत्येक पत्र वाचून दाखवायची. त्या दिवशी म्हणाले, यंदा टपाल उशिरा येतंय वाटतं. मी हो म्हटलं.

मकानमालक बाहेरगावी राहायचा, त्याचा मुनीम घर बघून गेला. दारातूनच म्हणाला, बारिश में तो हर घर में दीमक लगती है बाईजी, दिवाळीनंतर बघू.

शेजारी एक बाई राहत. त्यांचे यजमान कापडाच्या मिलमध्ये होते आणि त्यांचं माहेर भैरवगढ़चं, घरात कापडछपाईचा धंदा. त्यांना मी जीजी म्हणायची. जीजींनी मिलमधून आलेली पांढरी पावडर पुडीत बांधून दिली, म्हणाल्या, भिंतीच्या कडेने टाक, मरून जातील. मी टाकली. त्याच दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते आणि मुलगी रांगत रांगत कधी भिंतीपाशी गेली ते कळलंच नाही. बघते तो तिची मूठ पांढरी आणि मूठ तोंडात.

मी तिला उचललं, मोरीत नेलं आणि बोट घालून तिचं तोंड इतकं धुतलं की ती काळीनिळी होईपर्यंत रडली. मग दूध पाजलं. मग तिला मांडीवर घेऊन सूर्य मावळेपर्यंत तिच्या छातीवर हात ठेवून बसले. डोळा मिटला तरी मी तिला हलवून जागी करत होते. मामंजी दोनदा म्हणाले, सूनबाई, पोर झोपतेय, झोपू द्या. का झोपू देत नाही ते मी सांगू शकले नाही. मुलीला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती भिंतीकडे बघून हसत होती. मी ओल्या फडक्याने सगळी पावडर पुसून काढली आणि ते फडकं लांब नेऊन पुरलं.

मग माझ्याकडे उपाय म्हणून उरलं ते घासलेट. रोज रेघ मोडायची, घासलेटचा बोळा फिरवायचा आणि वास लपावा म्हणून धूप लावायचा. मामंजींनी विचारलं, तर कंदील पुसला म्हणून सांगितलं. श्रावण अर्धा झाला तशी रेघ छताशी पोचली आणि जिथे तुळई भिंतीत शिरते तिथे नाहीशी झाली. त्यानंतर भिंतीवर नवी माती दिसेना, आणि मला जास्तच भीती वाटू लागली. दिसत होती तोवर निदान किती आहे ते कळत होतं.

त्या आठवड्यात मी पाळणा काढला. मामंजींना म्हटलं, मुलगी आता उठून बसते, पाळण्यातून पडायची. तिचं अंथरूण मी पुढच्या खोलीत नेलं. हे मी काय केलं ते तेव्हा मी स्वतःशीसुद्धा नीट बोलले नाही. मुलीला मी तुळईखालून हलवलं आणि मामंजींना तिथेच ठेवलं. त्यांना हलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं, ह्यांना कळवावं लागलं असतं, मग भोपाळ. आणि खरं सांगायचं तर एवढा देह मी एकटी कशी उचलणार, याचीही मला भीती होती. रोज त्यांना भरवताना माझं अर्धं लक्ष वर असायचं. घास त्यांच्या तोंडात द्यायचा आणि लगेच मागे सरायचं, अशी मला सवय लागली होती. ती त्यांच्या लक्षात येत असेल हे मनातही आलं नाही.

भाद्रपदात तीन दिवस पाऊस लागून राहिला. चौथ्या दिवशी उघडला आणि हवा अशी कोंदली की कपडे अंगाला चिकटत होते. दुपारी मी मामंजींना वरणभात भरवत होते. भातावर काहीतरी भुरभुरलं. बारीक, तपकिरी, भुशासारखं. मग त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं. मी ताट खाली ठेवलं. ते माझ्याकडे बघत होते, वर नाही.

मी कपडे वाळत घालायचा लांब बांबू आणला आणि तुळईवर मधोमध ठोकला. आवाज भरीव आला. थोडं भिंतीकडे सरकून ठोकला, आवाज बसका आला. आणखी सरकले.

"टोकाशी ठोकू नका, सूनबाई," मामंजी म्हणाले. "तिकडे आता काही राहिलेलं नाही."

मी बांबू खाली टेकवला. मी विचारलं, तुम्हाला माहीत आहे?

ते म्हणाले, जन्मभर लाकूड ठोकून ठोकून पास केलं, माहीत नसेल तर काय. पडून पडून दुसरं काय ऐकायचं? दुपारी गल्ली शांत झाली की आत किरकिर चालते ती त्यांना दोन महिन्यांपासून ऐकू येत होती. मकानमालक ज्याला सागवान म्हणून सांगायचा ते सागवान नाही, हे तर त्यांनी राहायला आलो त्याच दिवशी ओळखलं होतं.

"मग सांगितलं का नाही मला?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला भोपाळला नेलं असतं." मग म्हणाले, "आणि तुम्ही पाळणा काढलात, तेव्हाच कळलं की तुम्हालाही माहीत आहे."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि लाजेच्याही वर भीती, कारण पुन्हा भुसा पडला होता, या वेळी उशीवर. मामंजींचा आवाज मात्र जसाच्या तसा होता. म्हणाले, आधी पोरीला घेऊन अंगणात जा. मला मग बघू. नाही जमलं तर नाही.

मी मुलीला उचललं, मागच्या भिंतीवरून जीजींना हाक मारली आणि पोर त्यांच्या सासूच्या मांडीवर दिली. जीजी धावत आल्या. त्यांनी वर बघितलं, पदर खोचला, एक शब्द विचारला नाही. पलंग ओढून बघितला तर मागचा एक पाय तिथल्या तिथे कुस्करला आणि पलंग कलला. तो पायही आतून खाल्लेला. मामंजी भिंतीकडे घसरले. जीजींनी जमिनीवर सतरंजी अंथरली, आम्ही दोघींनी त्यांना काखेतून आणि गुडघ्यांतून धरून तिच्यावर उतरवलं, म्हणजे जवळपास पाडलंच, आणि सतरंजीची टोकं धरून ओढत निघालो. दार दहा पावलांवर. अर्ध्या वाटेत मी दमून खाली बसले. जीजी म्हणाल्या, "बैठ मत बाई, खींच." मामंजी डावा हात जमिनीवर टेकवून स्वतःला रेटत होते. उंबऱ्यावर त्यांच्या पाठीला लागलं, पण ते एकदाही हाय म्हणाले नाहीत.

पुढच्या खोलीत पोचल्यावर त्यांनी पाणी मागितलं. पाणी देताना मी रडू लागले आणि सगळं सांगून टाकलं, पत्र, घासलेट, पावडर, सगळं. पावडरीचं ऐकल्यावर मात्र ते हबकले. तेवढं एकच त्यांना ठाऊक नव्हतं. मुलीला आणा म्हणाले, आणि तिची मूठ आपल्या डाव्या हातात धरून बराच वेळ पडून राहिले.

जीजींनी माहेरी निरोप धाडला. तिसऱ्या दिवशी भैरवगढ़हून एक म्हातारे मिस्त्री आले. ते छपाईचे लाकडी ठप्पे कोरायचे आणि सुतारकीही करायचे. त्यांनी शिडीवर चढून तुळईच्या टोकात पटाशी लावली. ठोकावी लागली नाही. मुठीपर्यंत आत गेली. त्यांनी ती तशीच सोडली आणि खाली उतरून आधी खोली रिकामी करवली. माळ्यावरचे कवेलू बाहेरून, छपराची कौलं काढून उतरवले, खाली बल्ल्यांचे टेकू दिले. मग तुळई दोरांनी उतरवताना ती आपल्याच वजनाने टोकाशी मोडली. आत माती भरलेली. मी विचारलं, अजून किती दिवस टिकली असती? ते म्हणाले, असं विचारू नका बाई, दहा दिवसही टिकली असती, नाहीतर तुमचं त्या दुपारचं जेवणही पुरं झालं नसतं.

नव्या तुळईसाठी मामंजींनी मुनिमाला माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं, जुन्या दरबारी थाटाचं. काय परिणाम झाला कोण जाणे, आठवड्यात तुळई आली. मामंजींनी ती आपल्या अंथरुणाजवळ आणायला लावली, डाव्या हाताने ठोकली, हुंगली आणि परत पाठवली. दुसरी आली ती ठेवून घेतली. मिस्त्रींनी मोरीमागची भिंत पायाशी खणली. मोरीचं पाणी तिथे मुरत होतं आणि वारूळ नेमकं त्याच ओलीत होतं. ते खणून बाहेर काढलं, खड्ड्यात मोटारींच्या कारखान्यातून आणलेलं काळं जळकं तेल ओतलं, मोरीचा नळ दुसरीकडे वळवला. तुळईच्या टोकांना डांबर फासलं आणि भिंतीत तिच्याखाली दगडी फरशी बसवली. त्यांचं एकच सांगणं होतं, "लकड़ी को मिट्टी मत छूने दो, और दीवार को पानी।" ठप्प्यांनाही ते म्हणे आठ आठ दिवस तेल पाजतात.

दसऱ्याला हे आले. नवी तुळई बघितली, जीजींकडून हकीकत ऐकली आणि माझ्यावर संतापले. तुळईचं एवढे दिवस माहीत होतं तर बाबांना तिथून हलवलं का नाहीस, म्हणून विचारलं. मी खाली बघत उभी राहिले.

नवा पाय लावलेल्या पलंगावरून मामंजी म्हणाले, "मीच हलायला नको म्हणालो होतो. ती रोज सांगत होती."

ह्यांनी मग विषय सोडला. मी नंतर एकांतात मामंजींना विचारलं, की असं खोटं का बोललात. ते म्हणाले, नको तर मी म्हणालोच असतो, मग त्यात खोटं काय?

त्यानंतर ते दीड वर्ष जगले, त्याच घरात, त्याच खिडकीपाशी. गेल्यावर ह्यांनी मला आणि मुलीला भोपाळला नेलं. सरकारी क्वार्टर पक्कं होतं, वर लाकडाचा तुकडा नव्हता. तरी पहिले काही महिने मी मुलीचं अंथरूण रोज जागा बदलून घालत असे. हे चिडायचे. मी त्यांना कारण सांगितलं नाही, आणि मामंजींनी त्या दसऱ्याला माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं तेही नाही.